कांद्याच्या मुळीत पेशीची तयारी कशी बघायची: वाढ, डीएनए आणि विभाजनाआधीचे तास

अकरावीच्या प्रॅक्टिकलला मुलं मायक्रोस्कोपला डोळा लावतात आणि एकच गोष्ट शोधतात: मधोमध ओळीत उभी राहिलेली गुणसूत्रं. पुस्तकात चित्र त्याचंच असतं आणि परीक्षेत प्रश्नही त्याचाच. ती दिसली नाहीत की हाक येते, "सर, इथं कायच नाही बघा, नुसते गोल गोल ठिपके हायत." पंचवीसेक वर्षं हे वाक्य ऐकल्यावर मी उत्तर ठरवून ठेवलं आहे: त्या ठिपक्यांसाठीच तर कांदा आणलाय.

सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांचं बालपण गेलं त्यांना हे पटकन कळतं. मागावर चादर खटाखट उतरताना पाव्हण्याला दिसते. पण त्याआधी सूत रंगवायचं, कांड्या भरायच्या, ताणा करून बीमवर गुंडाळायचा, हजारो दोरे एकेक करून फणीतून ओवायचे. एक दोरा चुकला तर शेवटपर्यंत नक्षीत रेघ. पेशीचंही तसंच आहे. माणसाची पेशी प्रयोगशाळेत वाढवली तर एका विभाजनापासून पुढच्यापर्यंत साधारण २४ तास जातात, आणि त्यातलं प्रत्यक्ष विभाजन जेमतेम तासाभराचं. बाकीच्या वेळाला जुन्या पुस्तकांत ‘विश्रांती अवस्था’ म्हणत. हे नाव कोणी दिलं ते सोडा, पण इतकं चुकीचं नाव जीवशास्त्रात क्वचितच सापडेल.

तेव्हा या लेखात मुळीची स्लाइड कशी करायची ते सांगतो, आणि ती वाचताना न विभागणाऱ्या पेशींकडे कसं बघायचं तेही.

कांदा निवडताना

सोलापुरात कांद्याला तोटा नाही. डिसेंबर-जानेवारीत मार्केट यार्डात लाल कांद्याच्या गाड्यांची रांग लागते. पण या कामाला तो ताजा, रसरशीत कांदा घेऊ नका. नुकता काढलेला कांदा सुप्तावस्थेत असतो, मुळं फोडायला तयार नसतो. घरात महिना-दोन महिने पडून राहिलेला, वरची साल कोरडी झालेली गोल्टी, म्हणजे लहान कांदा, उत्तम. ती लहान असल्यामुळे चहाच्या ग्लासवर नीट बसते, आणि गोल्टी स्वस्तही मिळते.

एक काळजी घ्या. साठवणुकीत कोंब येऊ नयेत म्हणून काही कांद्यांवर गॅमा किरणांची प्रक्रिया केलेली असते. नाशिक जिल्ह्यात लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेला असा प्रकल्प आहे. हे किरण वाढत्या टोकाच्या पेशींतला डीएनए तोडतात. कांदा खायला सुरक्षित राहतो, पण त्या पेशींना विभागता येत नाही. प्रयोगाला असा कांदा निरुपयोगी. शिकवायला मात्र फार छान उदाहरण, कारण डीएनए बिघडला की पेशी पुढं का जात नाही हा मुद्दा पुढे येणारच आहे. ओळखीच्या शेतकऱ्याकडचा कांदा घेतला की प्रश्नच मिटला.

कांद्याच्या बुडख्यावरची वाळलेली जुनी मुळं ब्लेडनं हळूच खरवडून काढा. बुडख्याची चकती मात्र कापू नका. नवी मुळं तिच्यातूनच येतात. मग तीन टूथपिक टोचून कांदा ग्लासच्या काठावर असा टेकवा की बुडखा पाण्याला जेमतेम लागेल. कांदा अर्धा बुडवला तर सडतो आणि वर्गभर वास सुटतो.

पाणी नळाचं चालेल, पण त्यात क्लोरीन असतं. रात्रभर उघड्या भांड्यात ठेवलेलं वापरा. सोलापूरकरांच्या घरी साठवलेलं पाणी असतंच, त्यामुळे ही अट आपोआप पुरी होते. पाणी रोज बदला.

उन्हाळ्याचा प्रश्न

मी एकदा मे महिन्यात शिक्षकांच्या शिबिरात हे दाखवायचं कबूल केलं. कांदे खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. बाहेर पारा चाळिसाच्या वर. मुळं आली, पण टोकं पिवळसर आणि लिबलिबीत. स्लाइडवर शेकडो पेशी होत्या, विभागणारी एक नाही. तीस जणांसमोर मी तासभर ‘थांबा, दुसरीकडे बघू’ म्हणत होतो.

मुळांना २० ते २५ अंश मानवतं. गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, म्हणजे संक्रांतीचा सुमार, सोलापुरात याला सगळ्यात चांगले. उन्हाळ्यातच करायचं असेल तर ग्लास माठाशेजारी, सावलीत, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. दोन ते चार दिवसांत मुळं एक-दोन सेंटिमीटरची होतात. तीच घ्यायची.

पहिल्या दिवशीची, नुकती टोक काढलेली मुळं का नकोत? सुप्त कांद्याच्या बुडख्यात मुळांचे अंकुर आधीच तयार असतात, पण त्यांतल्या बहुतेक पेशी डीएनए दुप्पट करण्याआधीच थांबलेल्या असतात. पाणी लागलं की त्या आधी फुगतात, मग कारखाना सुरू करतात, मग डीएनएची प्रत काढतात, आणि त्यानंतर कुठे पहिलं विभाजन. त्यांना तेवढा वेळ द्यायला हवा.

मुळी तोडणे आणि पेशी ‘थांबवणे’

सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान मुळं कापा. या वेळेत विभागणाऱ्या पेशी जास्त सापडतात असा अनुभव आहे. शेवटचं सेंटिमीटरभर टोक पुरे.

कापल्याबरोबर ती स्थिरीकरणाच्या द्रावणात टाकायची: तीन भाग अल्कोहोल, एक भाग ग्लेशियल ऍसिटिक ऍसिड, दोन्ही आयत्या वेळी मिसळलेलं. शिळं मिश्रण वापरू नका. २४ तास तसंच ठेवा. पेशी ज्या क्षणी जे करत होती त्या अवस्थेत ती गोठते. पुढे लगेच काम करायचं नसेल तर मुळं ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवून फ्रिजमध्ये ठेवा. ग्लेशियल ऍसिटिक ऍसिड म्हणजे घरातलं व्हिनेगर नव्हे. कातडी भाजतं, वाफेनं डोळे झोंबतात. हे काम प्रयोगशाळेत, हातमोजे घालून, मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच करायचं.

नंतर मुळं पाण्यानं धुऊन एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक ऍसिडमध्ये ६० अंशांवर ५ ते ८ मिनिटं ठेवा. वॉटर बाथ नसेल तर पातेल्यात गरम पाणी, त्यात परीक्षानळी, शेजारी थर्मामीटर. वनस्पतीच्या पेशी पेक्टिनच्या खळीनं एकमेकींना चिकटलेल्या असतात. ऍसिड ती खळ सैल करतं. ही पायरी गाळली तर पुढे कितीही दाबा, पेशी पसरत नाहीत, एकावर एक चढून लाल ढीग दिसतो. जास्त वेळ ठेवलं तर मुळीचा लगदा होतो. सहा मिनिटांपासून सुरुवात करा आणि आपल्या मुळांना किती लागतात ते वहीत लिहून ठेवा.

पाण्यानं दोनदा धुतलं की वॉच ग्लासमध्ये ऍसिटोकार्माइन, अर्धा तास. ग्लास ज्योतीवरून दोन-तीनदा हलकेच फिरवला तर रंग लवकर चढतो. उकळी फुटू द्यायची नाही.

आता मुळीकडे नुसत्या डोळ्यांनी बघा. टोकाचा दोनेक मिलिमीटरचा भाग गडद लाल असेल आणि मागचा फिकट. ही पहिली खूण. टोकाकडच्या पेशी लहान आणि दाट असतात, मिलिमीटरमागे केंद्रकं जास्त, म्हणून रंग जास्त. मागच्या पेशी पाण्यानं फुगलेल्या असतात.

दोन स्लाइड करा, एक नाही

इथं मी नेहमीच्या पद्धतीपासून थोडा बाजूला जातो. सगळीकडे सांगतात, टोक ठेवा, बाकीचं फेका. फेकू नका. गडद टोकाची एक स्लाइड करा, आणि टोकापासून पाच-सहा मिलिमीटर मागचा तुकडा घेऊन दुसरी.

कृती दोन्हींची एकच. तुकडा स्लाइडवर, ४५ टक्के ऍसिटिक ऍसिडचा एक थेंब, वर कव्हरस्लिप तिरकी टेकवून हळू सोडायची म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत. पेन्सिलीच्या खोडरबराच्या बाजूनं वरून टकटक करा. तुकडा ढगासारखा पसरताना दिसतो. मग वर टिपकागद ठेवून अंगठ्यानं सरळ खाली दाबा. अंगठा जराही सरकला तर पेशी गुंडाळल्या जातात आणि सगळी मेहनत वाया जाते. शेंगदाणा चिरडायचा नाही, भाकरीचा उंडा थापायच्या आधी तळव्यानं बसवतो तसं दाबायचं.

दहाच्या भिंगाखाली दोन्ही बघा. पहिल्या स्लाइडवर चौकोनी, लहान पेशी. केंद्रकानं अर्धी पेशी व्यापलेली. दुसऱ्या स्लाइडवर लांबट, मोठ्या पेशी. केंद्रक तेवढंच, पण कडेला ढकललेलं, आणि मधली जागा रिकामी वाटणारी. ती रिकामी नाही. तिथं पाण्यानं भरलेली मोठी रिक्तिका आहे.

यातून वाढीचे दोन प्रकार समोर येतात आणि मुलं नेमकी यांचीच गल्लत करतात. मागची पेशी पाणी पिऊन लांब होते. मूळ जमिनीत पुढं सरकतं ते बरंचसं या फुगण्यानं. पण तिनं विभाजनाचा नाद सोडलेला असतो. टोकाची पेशी वाढते ती माल तयार करून: प्रथिनं, रायबोसोम, पटलं, तंतुकणिका. तिचा आकार फारसा वाढलेला दिसत नाही, पण आतला ऐवज दुप्पट होत असतो. विभागायचं तर दुसऱ्या प्रकारची वाढ लागते, कारण अर्धं पाणी वाटून दोन संसार उभे राहत नाहीत. शाळेत आठवी-नववीत कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड सगळ्यांनीच केलेली असते. त्या मोठाल्या पेशी पहिल्या प्रकारच्या. त्यात विभाजन शोधणाऱ्याला जन्मभर सापडणार नाही.

ठिपके वाचायला शिका

आता टोकाची स्लाइड पंचेचाळीसच्या भिंगाखाली. गोल, गुलाबी-लाल केंद्रकं. आत बारीक जाळी, आणि बहुतेकदा एक-दोन फिकट गोल डाग. हे डाग म्हणजे केंद्रकी, रायबोसोम बनवायची जागा. ती ठळक दिसते याचा अर्थ पेशी प्रथिनांच्या कारखान्यासाठी यंत्रं जुळवते आहे.

नुकती जन्मलेली पेशी जी-१ टप्प्यात असते. ‘जी’ म्हणजे गॅप, नुसती मोकळी जागा. शोध लागला तेव्हा तिथं काय चालतं ते माहीत नव्हतं म्हणून हे नाव. या टप्प्यात पेशी आईच्या निम्म्या आकारावरून वाढत जाते आणि पुढं जायचं की नाही हे ठरवते. साखर पुरेशी आहे का, आकार पुरेसा झाला का, शेजारून ऑक्सिन आणि सायटोकायनिन या वाढीच्या संप्रेरकांचे निरोप येत आहेत का. हे सगळं जुळलं की सायक्लिन नावाची प्रथिनं साठतात, ती कायनेज नावाच्या एन्झाइमला जोडली जातात, आणि ही जोडी कुलूप उघडते. एकदा ते उघडलं की पेशी सहसा मागं फिरत नाही. जुळलं नाही तर ती चक्राबाहेर थांबते. त्याला जी-० म्हणतात. या यंत्रणेच्या शोधासाठी लेलँड हार्टवेल, टिम हंट आणि पॉल नर्स यांना २००१ चं नोबेल मिळालं. काम यीस्ट आणि समुद्री अर्चिनच्या अंड्यांवर झालं होतं, पण कांद्याच्या मुळीतली यंत्रणा त्याच घराण्यातली.

त्यानंतर एस टप्पा, डीएनएची प्रत काढायचा. इथं जरा थांबू, कारण कांद्याचा हिशेब थक्क करणारा आहे.

कांद्यात गुणसूत्रं १६, आठ जोड्या. एका संचात डीएनएची साधारण १६ अब्ज अक्षरं, म्हणजे माणसाच्या सुमारे पाचपट. (कांदा माणसापेक्षा पाचपट शहाणा नाही, यातला पुष्कळ भाग पुनरावृत्तीचा आहे.) दोन्ही संच धरले तर एका केंद्रकातला डीएनए सरळ ताणल्यास अकरा मीटरच्या आसपास भरतो. नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटरचं. लुगड्याहून लांब धागा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या गोळ्यात, न गुंतता. आणि एस टप्प्यात त्याची अक्षरन् अक्षर प्रत काढून बावीस मीटर करायचं.

प्रत काढणारं एन्झाइम आपल्यासारख्या सजीवांत सेकंदाला साधारण ५० अक्षरं पुढं सरकतं. कांद्याचं एक गुणसूत्र सरासरी २ अब्ज अक्षरांचं. एका टोकापासून सुरुवात केली तर ४ कोटी सेकंद, म्हणजे ४६३ दिवस. कांदा तोवर केव्हाच कोशिंबिरीत गेला असता. प्रत्यक्षात हे काम काही तासांत उरकतं, कारण धाग्यावर हजारो ठिकाणी एकाच वेळी सुरुवात होते आणि प्रत्येक ठिकाणाहून दोन्ही दिशांना काम चालतं. एकच जागा दोनदा सुरू होणार नाही याचीही सोय असते: परवाना जी-१ मध्ये मिळतो आणि वापरला की रद्द होतो.

परीक्षेत हमखास मार्क जाणारी जागा इथंच आहे. एस टप्प्यानंतर डीएनए दुप्पट होतो, गुणसूत्रांची संख्या नाही. १६ ची १६ च राहतात, फक्त प्रत्येकात दोन अर्धगुणसूत्रं एकमेकांना बांधलेली असतात. गुणसूत्रं मोजताना गुणसूत्रबिंदू, म्हणजे ही दोन अर्धं जिथं बांधलेली असतात ती जागा, मोजा, चूक होणार नाही.

गंमत म्हणजे हे सगळं कळलं तेही मुळीच्या टोकावरच. अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी बाकल्याच्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला आणि नवा डीएनए केव्हा बनतो ते फिल्मवर टिपलं. १९५३ साली त्यांनी मांडलं की डीएनए विभाजनाच्या धामधुमीत बनत नाही. तो त्या ‘विश्रांती’च्या मधल्या एका ठरावीक काळात बनतो, आणि त्याच्या आधी-नंतर एकेक मोकळी जागा असते. जी-१, एस, जी-२ ही नावं तिथून आली.

जी-२ मध्ये तपासणी. प्रत पूर्ण झाली का, कुठं तुटलंय का. तुटलं असेल तर दुरुस्तीपर्यंत विभाजन रोखलं जातं. किरणांच्या कांद्याची आठवण इथं करून द्यायची. याच वेळी तर्कुतंतूंसाठी, म्हणजे विभाजनात गुणसूत्रं ओढून नेणाऱ्या धाग्यांसाठी, ट्युब्युलिन या प्रथिनाचा साठा होतो. वनस्पतींत आणखी एक काम होतं: विभाजनाच्या आधीच सूक्ष्मनलिकांचा पट्टा पेशीच्या कडेनं गोल बसतो, आणि पुढं नवी भिंत जिथं टेकणार ती जागा तो आखून ठेवतो. नंतर पट्टा नाहीसा होतो, भिंत मात्र तिथंच येते. सुतार फळीवर खडूची सुतळी झटकतो तसं. आपल्या स्लाइडवर हा पट्टा दिसत नाही.

मोजा

जी-१ ची पेशी कोणती आणि जी-२ ची कोणती हे एकेका केंद्रकाकडे बघून सांगता येत नाही. पण मोजलं तर फरकाची चाहूल लागते.

पारदर्शक पट्टी स्टेजवर ठेवून दहाच्या भिंगातून दृश्याचा व्यास मोजा. शाळेच्या मायक्रोस्कोपवर तो साधारण १.८ मिलिमीटर निघतो. पंचेचाळीसच्या भिंगाखाली तो साडेचार पटीनं कमी, म्हणजे ४०० मायक्रोमीटर. त्या व्यासावर २५ केंद्रकं शेजारी-शेजारी मावतील असं वाटलं, तर एकाचा व्यास १६ मायक्रोमीटर. अशी पन्नास केंद्रकं अंदाजानं लहान, मध्यम, मोठी अशा तीन गटांत टाका.

मुलं म्हणतात, दुप्पट वाढलं असेल तर दुप्पट मोठं दिसायला पाहिजे. नाही. गोळ्याचं घनफळ दुप्पट झालं तरी व्यास फक्त १.२६ पट होतो. १२ चा १५. दाबून चपटा झालेल्या केंद्रकात फरक थोडा जास्त दिसतो, तरी दीडपटीच्या आतच. म्हणूनच एवढी मोठी तयारी डोळ्याला ‘कायच नाही’ वाटते.

मग वेगवेगळ्या दृश्यांतली मिळून ५०० केंद्रकं मोजा आणि विभागणारी वेगळी लिहा. धागे स्पष्ट सुटे दिसले तरच पूर्वावस्था (विभाजनाची पहिली पायरी) धरायची, नुसतं दाणेदार केंद्रक धरायचं नाही. हा नियम आधी ठरवला नाही तर दोघांचे आकडे कधी जुळत नाहीत. मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था ओळखायला सोप्या आहेत, पुस्तकातल्या चित्रांवर सोडून देतो.

समजा ५०० पैकी ४० विभागताना सापडल्या. म्हणजे ८ टक्के. पूर्ण चक्र २० तासांचं धरलं तर विभाजन १.६ तासांचं, साधारण १ तास ३६ मिनिटं. उरलेले अठरा-साडेअठरा तास त्या गोल ठिपक्यांचे. आकडा अंदाजी आहे. टोकातली प्रत्येक पेशी चक्रात नसते, आणि प्रत्येक विभाजनातून दोन नव्या पेशी येत असल्यानं तरुण पेशींची संख्या नेहमी जास्त असते.

बिघडलं तर

विभागणारी एकही पेशी नसेल तर बहुधा तुकडा मागचा घेतला गेलाय, किंवा अगदी टोकावरच्या टोपीच्याच पेशी आल्यात. सगळंच सारखं गुलाबी असेल तर रंग जास्त झाला. कव्हरस्लिपच्या कडेनं ४५ टक्के ऍसिटिक ऍसिड सोडून दुसऱ्या कडेनं टिपकागदानं ओढून घ्या. पेशी थरावर थर असतील तर तुकडा मोठा होता.

कुणीतरी विचारतंच, कांद्याऐवजी मालदांडी ज्वारीची मुळं का नाही, आपल्या मोहोळचं वाण आहे. करून बघा, ज्वारी ओल्या फडक्यात दोन दिवसांत मुळं काढते. पण ज्वारीचा डीएनए कांद्याच्या विसाव्या भागाएवढा, आणि तो २० गुणसूत्रांत वाटलेला. शाळेच्या भिंगाखाली नुसते दाणे दिसतात. हात बसल्यावरचं काम आहे ते.

चांगली निघालेली स्लाइड टिकवायची तर कव्हरस्लिपच्या चारही कडांना नेलपॉलिश लावा. थंड जागी काही दिवस राहते. उरलेली मुळं ७० टक्के अल्कोहोलमध्ये फ्रिजमध्ये ठेवा, आणि बाटलीतल्या चिठ्ठीवर तारीख, वेळ पेन्सिलीनं लिहा. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि महिन्याभरानं हातात निळं पाणी आणि कोरी चिठ्ठी उरते.